सेवरीनाच्या माश्या

सिद्धेश : पण बुधवारी संध्याकाळी फवारताना मधमाश्यांच्या पेट्या झाकल्या होत्या ना, आर्थरकाका?

आर्थर : झाकलंय तर! ओली गोणपाटां घातलंय वर. सेवरीनाचो नेम तो. बायल गेली म्हणान तिचो नेम मोडूक मी काय बिनकाळजाचो नाय रे.

सिद्धेश : मग सकाळी?

आर्थर : उघडलंय. मोहोरार गेल्यो. परत इल्यो त्यो दारातच गिरक्यो घेत पडल्यो. झाडून लोटूची पाळी इली माझ्यार.

सिद्धेश : फवारलं काय होतं?

आर्थर : तुडतुड्याचा औषध. दरवर्षाचाच. आणि भुरीचा.

सिद्धेश : एकाच टाकीत?

आर्थर : सगळे तसाच करतत. मीय मेंढरासारखो गेलंय तेंच्या मागसून. ती आसती तर करूक दिवची नाय. "आज एक, दुसरा चार दिसांनी," म्हणान माझ्या मागे लागायची. माका वाटायचा, हिचा आपला काय तरी खूळ.

सिद्धेश : खूळ नव्हतं, काका. माशीच्या अंगात विकरं असतात. विष आत गेलं की ती त्याचे तुकडे करतात, त्याची धार घालवतात. म्हणून तुडतुड्याचं औषध थोडं लागलं, तरी माशी तगायची.

आर्थर : तगायच्यो. थोड्यो मरायच्यो, पण पेटी ऱ्हवायची.

सिद्धेश : भुरीचं औषध बुरशीसाठी, ते माशीला एवढं मारत नाही. पण ते त्या विकरांचेच हात बांधतं. मग तेवढंच विष अंगात तसंच राहतं.

आर्थर : म्हणजे मी आधी तेंचे हात बांधलंय आणि मगे मारलंय.

सिद्धेश : असं म्हणू नका.

आर्थर : मगे कसा म्हणू? तुझ्या शेतकी हापिसातल्या मराठीत म्हणू? वेंगुर्ल्याक सायब झालंस आणि मालवणी इसारलंस मरे!

सिद्धेश : एवढी घाई कसली होती, काका?

आर्थर : गडी गावलो बुधवारी. चार दिसांनी दुसरा मारूचा म्हणजे उद्या, आयतवारी. उद्या तिका जावन वर्स जाता, इगर्जेत तिच्या नावाचा मीस. त्या दिसा माका हातात पंप नको होतो.

(सिद्धेश शेवटच्या पेटीचं झाकण काढून आत वाकून पाहतो.)

आर्थर : राणी आसा?

सिद्धेश : तळाशी पडलीय.

आर्थर : बरा. मगे ती पोळी तरी काढून दी. मेण वितळवतंय. उद्या इगर्जेत तिच्याच माश्यांच्या मेणाच्यो दोन मेणबत्त्यो लावतलंय, असा सॅन्ड्राक सांगलंय. आमचा चेडू गोंयसून येता ता त्याच्यासाठीच.

सिद्धेश : हे मेण घरात नेऊ नका. औषध मेणात मुरतं.

आर्थर : वायच पण नको? दोन मेणबत्त्यांपुरता?

सिद्धेश : नको, काका. पुरून टाकूया. मी खड्डो मारतंय, तुमी बसा.

आर्थर : ...सॅन्ड्राक फोन लाव रे. येताना दुकानातल्यो दोन मेणबत्त्यो घेवन ये म्हणान सांग. कित्याक, ता सांगू नको. ता माकाच सांगूक होया.