मंगळाचं पोवळं

हसू नका, पण एकोणीसशे साठच्या सुमारास बंगळूरमध्ये समुद्र वाचवणारं एक मंडळ होतं. कारखान्यातले आम्ही चार तरुण इंजिनिअर आणि पाठीवर बांधायची हवेची एकच टाकी. पोहण्याच्या तलावात सराव करायचा आणि भेटेल त्याला बजावायचं की पोवळी विकत घेऊ नका, ती समुद्रात जिवंत असतात.

पहिल्यांदा कारवारच्या समुद्रात उतरायचं ठरलं, तेव्हा आईने मला दारातच अडवलं. आम्ही तिला अक्का म्हणायचो. तिच्या हातात पोवळ्याची अंगठी होती.

“तुझा मंगळ कडक आहे. ही घाल, नाहीतर जाऊ नकोस.”

“अगं अक्का, ज्याच्यासाठी भांडतोय तेच बोटात घालू?”

“तू भांड की. अंगठी कुठे तुझं तोंड धरते?”

बस चुकत होती. घातली.

समुद्रात खोल गेल्यावर बोटं गारठून आकसली आणि अंगठी निसटून तळाला गेली. मी खूश! घरी येताच रिकामं बोट नाचवलं. “समुद्राचं समुद्राला परत केलं!”

अक्काने शांतपणे हात जोडले. “सरी, बरं झालं. तुझ्यावरचं संकट घेऊन बुडालं. पोवळं अस्सल होतं.”

ही बातमी आमच्या बसवनगुडी भागातल्या बाकी तिघांच्या आयांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. पुढच्या खेपेला पोवळी वाचवायला निघालो, तेव्हा चौघांच्याही बोटात पोवळं होतं. माझी अंगठी तर अक्काने मुद्दाम जरा सैल करून घेतली होती.