स्थानिक परिस्थितीनुसार बदल

(फतेगंजातल्या एका सभागृहाचा व्हरांडा. मृद व जलसंधारणाची कामं करणाऱ्या जुन्या-नव्या मंडळींचा वार्षिक मेळावा. नाश्ता चालू आहे. सत्काराला अर्धा तास आहे.)

पद्मा: म्हणजे ‘दूरदृष्टी’ हा शब्द मानपत्रात दोनदा आलाय, साहेब. एकदा वर, आणि एकदा खाली सहीजवळ.

जगदेवराव: मानपत्र तुमच्या हातात कसं आलं, पद्माबाई? ते मला स्टेजवर मिळायचंय.

पद्मा: शुद्धलेखन बघायला दिलं होतं मला. मी एक वेलांटी सुधारली. दूरदृष्टीला हात लावला नाही.

जगदेवराव: हसताय कशाला?

पद्मा: सेवउसळ तिखट आहे.

जगदेवराव: तिखटानं डोळ्यांत पाणी येतं, हसू येत नाही. एकतीस वर्षं खात्यात काढली मी, डेप्युटी इंजिनियर म्हणून रिटायर झालो. आजवर कोणी फुलाची पाकळी दिली नाही. आज कुठे बोलावलं, तर लता सकाळी माझ्या कोटाला इस्त्री करत बसली होती. पुढच्या रांगेत जाऊन जागाही धरलीय तिनं. आणि तुम्ही माझ्या सर्व्हेअर. तुम्हाला तरी आनंद व्हायला हवा.

पद्मा: झालाय ना. तरसालीहून दोन रिक्षा बदलून आलेय. फक्त एक विचारू? ही दूरदृष्टी किती लांबची? एकशे चाळीस मीटर?

जगदेवराव: हळू बोला.

पद्मा: हळूच बोलतेय.

जगदेवराव: एकशे चाळीस हा आकडा तुम्हाला कोणी सांगितला?

पद्मा: रायणपुऱ्याच्या कोतरात, त्या नाल्याच्या घळीत, टेपचं दुसरं टोक माझ्याच हातात असायचं, साहेब.

जगदेवराव: इकडे या. त्या खांबामागे. म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं?

पद्मा: काय सगळं?

जगदेवराव: वदवूनच घेणार का? चेकडॅम मी चुकीच्या जागी बांधला, हे. मंजूर जागा नाल्याच्या वरच्या वळणावर होती आणि मी बांधला खाली. पाया भरून झाल्यावर नकाशा उघडला, तेव्हा कळलं. आकडा चुकीचा वाचला असणार, नाहीतर नकाशा उलटा धरला असणार. लतालासुद्धा अजून सांगितलेलं नाही.

पद्मा: मग कागदावर काय केलंत?

जगदेवराव: काय करणार. शेवटच्या नकाशात नवी जागा दाखवली आणि खाली शेरा मारला. ‘स्थानिक परिस्थितीनुसार जागेत बदल.’

पद्मा: छान शेरा आहे.

जगदेवराव: स्थानिक परिस्थिती म्हणजे माझा गाढवपणा. पण बांध टिकला, पाणी थांबलं, विहिरींना पाणी आलं, वरचे साहेब खूश झाले आणि विषय मिटला. आज एवढीच कृपा करा, पद्माबाई. सत्कार होईपर्यंत तोंडात खमण ठेवा.

रसिका: सर, तुम्ही इथे लपलात? केव्हाची शोधतेय. मी रसिका, फोनवर बोललो होतो ने आपण. सूत्रसंचालन माझ्याकडे आहे. केम छो, पद्माबेन? नाश्ता झाला?

पद्मा: चालू आहे. साहेबांनी आग्रहानं खमण वाढलंय.

रसिका: सर, एक सरप्राइज होतं, पण सांगूनच टाकते. जुन्या फाइलीत रायणपुऱ्याचा मंजूर नकाशा मिळाला. तो पडद्यावर लावणार, आणि शेजारी आजचा सॅटेलाइट फोटो.

जगदेवराव: शेजारी शेजारी?

रसिका: हा ने. बराबर एकाच मापात.

जगदेवराव: बेटा, जुने नकाशे पुसट असतात. लोकांना काही दिसायचं नाही.

रसिका: मी साफ केला ने, सर. लाल गोल पण काढलाय.

पद्मा: आत दोनशे माणसं बसलीत, साहेब. निम्मी तर नकाशे वाचूनच म्हातारी झालीत.

जगदेवराव: पद्माबाई, खमण. आणि बेटा, समजा ते मशीन बिघडलं तर?

रसिका: दुसरं ठेवलंय.

जगदेवराव: वीज गेली तर?

पद्मा: जनरेटर आहे. येताना पाहिला मी.

रसिका: सर, टेन्शन नका घेऊ. नकाशात बांध वर आहे आणि फोटोत खाली, ते मला पण दिसलंय. त्याच्यासाठीच तर सत्कार आहे.

जगदेवराव: कशासाठी?

रसिका: जागा बदललीत, त्यासाठी. वरच्या वळणावर बांधला असता तर पाण्यानं कडेची माती कापून दुसरी वाट काढली असती. शेजारच्या गावात तशाच वळणावर बांधलेला दुसऱ्या पावसाळ्यात बाजूनं फुटला. तुमचा शेरा वाचला आणि मी कमिटीला म्हटलं, बघा, ह्या माणसानं नकाशा बाजूला ठेवून जमीन वाचली. आम्हा नवीन लोकांना तेच ऐकायचंय. पाच मिनिटं बोला सर, ती जागा कशी ओळखलीत. चालो, मी माइक बघून येते.

जगदेवराव: गेली?

पद्मा: गेली.

जगदेवराव: म्हणजे मी चुकलो, म्हणून माझा सत्कार आहे.

पद्मा: असंच दिसतंय.

जगदेवराव: नाही, हे जमायचं नाही. गप्प राहिलो ते राहिलो. पण पाच मिनिटं उभं राहून खोटं बोलायचं, तेही ह्या नव्या पोरांपुढे? मी सरळ सांगून टाकतो, आकडा चुकला म्हणून.

पद्मा: तेही खोटंच होईल, साहेब.

जगदेवराव: ते कसं?

पद्मा: तुमचा आकडा चुकलाच नव्हता. आखणी तुम्ही वरच्या वळणावरच केली होती, नकाशाबरहुकूम. खुंट्या ठोकल्यात. मग सरपंचांकडे रोटला, वांग्याचं भरीत आणि दोन लोटे ताक घेतलंत आणि रायणीच्या झाडाखाली आडवे झालात.

जगदेवराव: जरा वेळ पडलो असेन.

पद्मा: दोन तास. तेवढ्यात मी खुंट्या उपटल्या आणि खाली नेऊन ठोकल्या.

जगदेवराव: तुम्ही?

पद्मा: ती स्थानिक परिस्थिती मी होते.

जगदेवराव: थांबा. उठल्यावर मला वळण वेगळं वाटलं होतं. मी विचारलं होतं तुम्हाला.

पद्मा: विचारलं होतंत. मी म्हटलं, ऊन कललं की कोतर वेगळं दिसतं.

जगदेवराव: आणि मी?

पद्मा: तुम्ही मान हलवलीत. दोनदा.

जगदेवराव: पण का?

पद्मा: जीवीबेन म्हणून एक बाई तिथे शेळ्या चारायची. तिनं दाखवलं की खाली खडक आहे, नाला अरुंद आहे, आणि होळीपर्यंत तिथली ओल जात नाही. मी सकाळीच तुमच्या कानावर घातलं होतं. तुम्ही म्हणालात, ‘बाई, नकाशे शेळ्यांना विचारून मंजूर होत नाहीत.’

जगदेवराव: असं म्हणालो मी?

पद्मा: मजूर हसले होते. मला नोकरीला लागून आठ महिने झाले होते तेव्हा. तुमच्याशी पुन्हा बोलायची हिंमत नव्हती. खुंट्या उपटायची होती.

जगदेवराव: पद्माबाई, तुम्हाला गंमत वाटतेय. नकाशा उघडला त्या दिवसापासून माझा माझ्या डोळ्यांवरचा विश्वास गेला. पुढची एकेक खुंटी तीन-तीनदा मोजली मी. ऑफिसात मागून मला ‘तीनवार साहेब’ म्हणायचे, ते काय मला कळत नव्हतं? रायणपुऱ्यात पुन्हा पाऊल ठेवलं नाही. उद्घाटनाच्या दिवशी पोटदुखी सांगून घरी बसलो. अठ्ठावीस वर्षं. एकदा तरी बोलायचं होतंत.

पद्मा: आधी नोकरीची भीती होती. मग बघितलं, तुम्ही तीनदा मोजायला लागलात. आणि मोजायच्या आधी गावातल्या लोकांना विचारायलाही लागलात, पाणी कुठून जातं म्हणून. त्यानंतर तुमचा एकही बांध फुटला नाही. म्हटलं, चाललंय ते कशाला बिघडवा.

जगदेवराव: वा. माझं पथ्यपाणी तुम्ही ठरवलंत.

पद्मा: चुकलं माझं, साहेब. खुंट्यांचं नाही. हे न सांगण्याचं. उद्घाटनाला तुम्ही आला नाहीत, तेव्हाच सांगायला हवं होतं.

जगदेवराव: आत पुकारताहेत वाटतं.

पद्मा: तुमचंच नाव आहे. कॉलर नीट करा.

रसिका: तर मित्रांनो, शाल झाली, मानपत्र झालं. आता ज्यासाठी आपण थांबलोय ते. पडदा बघा आणि ऐका. श्री. जगदेवराव शिर्के. सर, माइक जरा जवळ घ्या ने.

जगदेवराव: मंडळी, डावीकडे नकाशातला बांध आहे, उजवीकडे खरा. मधे एकशे चाळीस मीटर आहेत. रसिकाबेनचा प्रश्न आहे की ही जागा मी कशी ओळखली. मी ती झोपेत ओळखली. हसा, पण मी शब्दशः सांगतोय. मी जेवून रायणीखाली झोपलो होतो आणि माझ्या सर्व्हेअर पद्माबाईंनी खुंट्या उचलून खाली नेल्या. मला हे कळून पुरता अर्धा तास झालेला नाही. त्यांना ही जागा दाखवली जीवीबेन नावाच्या बाईनं. मी त्या बाईला विचारलं नाही, आणि पद्माबाई सांगत होत्या तर चारचौघांत त्यांची थट्टा केली. ती मागे घ्यायला जरा उशीर झालाय, पण आज घेतो. नव्या मुलांना एवढंच सांगतो, साइटवर दुपारी पोटभर जेवा. फक्त डोळा लागण्याआधी आठवा, सकाळी कोणी काही सांगत होतं का.

रसिका: पद्माबेन, वर या ने, प्लीज. सगळे उभे राहिलेत.

पद्मा: मी नाही येत. माझं पेन्शन चालू आहे, बेटा.

रसिका: काही होत नाही. अध्यक्षच सगळ्यांत जास्त हसतायत.

जगदेवराव: या, पद्माबाई. ही शाल माझ्या अंगावर नीट बसत नाहीये.

पद्मा: तिरकी घेतलीत म्हणून. आणा इकडे.

जगदेवराव: सुटलो एकदाचे. इथे व्हरांड्यात जरा वारा तरी आहे. लता काय म्हणत होती तुम्हाला?

पद्मा: म्हणाल्या, साहेब दुपारी झोपले की घरातही पुष्कळ गोष्टी जागच्या हलतात.

जगदेवराव: कुठल्या?

पद्मा: ते मी विचारलं नाही.

जगदेवराव: जीवीबेन आहे अजून?

पद्मा: नाही. चार वर्षं झाली. आता तिची सून जाते शेळ्या घेऊन.

जगदेवराव: तुम्ही जाता तिथे?

पद्मा: वर्षातून एकदा. होळी झाली की.

जगदेवराव: कसं दिसतं?

पद्मा: विशेष काही नाही. हिरवं पाणी, कडेला शेवाळ. म्हशी बसलेल्या असतात.

जगदेवराव: किती?

पद्मा: मागच्या खेपेला मोजल्या. अकरा होत्या.

जगदेवराव: होळीनंतर? अकरा म्हशी बुडतील एवढं पाणी?

पद्मा: नाकापर्यंत.

जगदेवराव: मग बरा बांधलाय आपण.