नऊ नंबरची शुगर

अगं, परवा वॉर्डात माझंच डोकं फिरलं. नऊ नंबरच्या पेशंटची शुगर रोज चारशेच्या घरात. त्या सकाळी डोक्यावरून शाल ओढून पडलेला, बोट टोचलं तर एकदम नॉर्मल! दुसऱ्या हाताचं टोचलं, तरी तेच. आता इन्सुलिन द्यायचं की थांबवायचं? मग लक्षात आलं, दोन्ही हातांना सलाईनची सुईच नाही.

"काका, सुई कुणी काढली?"

"मला कुठं लावली? मी त्याचा भाऊ. सिन्नरहून आलो, तर म्हणला, दमलास, पड जरा."

"मग दोनदा बोट कशाला दिलंत?"

"तुम्ही मागितलं ना, ताई."

तेवढ्यात पेशंट चहाचे दोन कप घेऊन आला. "सिस्टर, माझी शुगर किती?"

मी तोंड उघडायच्या आत भाऊ म्हणाला, "नॉर्मल हाय तुझी. बिनधास्त साखरेचा पी."