आंदणातली गाडी

— नाही हो मावशी, भांडून कायची येते मी! भांडाले तोंड उघडावं लागते, आन् मी तं घरात बोलतच नाही. विचारा वर गावात कोणालेही, इंदुताईची नवी सून कशी आहे, तं म्हणतील गाय आहे गाय. सरका थोडं. यवतमाळची एसटी इथं फाट्यावर थांबते ना? थांबते. बरं. बोरी अरबले जायचं आहे मले, माहेरी. हो, एकटीच. तुमची नजर हिरव्या चुड्यावर गेली तवाच समजलं मले, का आता विचारतील — पहिला आखाड नव्या नवरीनं माहेरी काढायचा असते, मग भाऊ न्याले आला नाही काय?

नाही आला. पेट्रोल वाढलं ना.

हसू नका, खरंच सांगते. आमच्या घरी मुहूर्त पंचांगात नाही पाहत, पंपावर पाहतात. सिलिंडर वाढला तवापासून गॅसवर फक्त पाव्हण्याचा चहा — आन् पाव्हण्यायचंही पेट्रोल वाढलं, म्हणून कोणी येत नाही, शेगडी अशी चकाचक, सासूबाईनं तिच्यावर विणलेला रुमाल टाकला आहे. बाकी सारं चुलीवर. कापसाच्या ओल्या पऱ्हाट्या फुकून फुकून माहे डोळे लाल — शेजारीण म्हणते, पोरगी माहेरच्या आठवणीनं रडते. म्हणू दे म्हटलं, रडाले पेट्रोल नाही लागत.

आन् गाडी! माह्या बाबानं आंदणात दिली, लाल, नवीकोरी — सोबत पेट्रोलची विहीर तेवढी द्यायची राहून गेली. हे रोज सकाळी तिले पुसतात, मग झाकण उघडतात, गाडी हलवतात आन् कान लावून ऐकतात, आत किती डुचमळते ते. माह्या तब्येतीची एवढी चौकशी आजवर कोणी केली नाही. चालवतात कशी म्हणता? उतार लागला का इंजन बंद. आवाज नाही, काही नाही, भुतासारखी गाडी खाली येते — गावापासून या फाट्यापर्यंत साराच उतार, फुकटात पोहोचतात. आन् चढ लागला का म्हणतात, "उतर जरा, लोड पडून राह्यला." मी उतरते. पदर सांभाळत चालते मागून, हे पुढं फटफट करत. नवरा-बायको फिराले निघाले म्हणते गाव! वर गेल्यावर थांबतात मात्र, तेवढं खरं. थांबतात, आन् वळून पाहतात.

तं आखाड लागला. गोपालचा, माह्या भावाचा फोन आला — तुम्ही दारव्ह्यापर्यंत आणून सोडा, तिथून मी नेतो, पेट्रोल अर्ध-अर्ध. इकडून सासरे भडकले, म्हणे माहेरच्यानं उंबऱ्यापर्यंत यावं, सून काय आम्ही रस्त्यात उतरवून द्यावी? तिकडून बाबा — गाडी आम्हीच दिली, आता चकराही आम्हीच माराव्या? रोज फोन. फोनाले पेट्रोल नाही लागत ना! कोणं कुठवर यावं याची अशी घासाघीस, कापसाच्या बोलीतही होत नाही. आन् कापसाले निदान कोणी विचारते तरी, का घेऊन जाऊ काय. हे काय म्हणाले? हे गाडी पुसत होते. एकदा, एकदाच म्हणायचं होतं यायनं — चाल, मीच नेतो. मग नसती गेली तरी चाललं असतं मले. आखाडाचं काय घेऊन बसलात, तेवढंच ऐकायचं होतं... जाऊ द्या. तुमच्यापाशी काहून बोलून राह्यली मी हे?

घरी? घरी कुठं माहीत आहे! सासूबाई म्हणाल्या, गिरणीत दळण टाकून ये. टाकलं. गिरणी ते काय, त्या पानटपरीच्या मागं, डबा तिथंच आहे. आन् मी इथं. बाईले एसटीत अर्ध तिकीट — साऱ्या खानदानात पेट्रोल वाचवाची अक्कल एकट्या मलेच आली म्हणायची. आता म्हणतील नाक कापलं, नवी नवरी, आखाडात, एकटी, एसटीनं! म्हणू द्या. नाकावर तं काही गाडी चालत नाही. — ते वळणावर लाल दिसते, तीच ना एसटी? तीच. उठा मावशी.

मावशी? मागं काय पाहून राह्यल्या तुम्ही?

...

कधी आले तुम्ही? आवाजच नाही आला. हो, उतार आहे, विसरलीच मी. — दळण घेतलं वाटते गिरणीतून, गाडीच्या टाकीवर डबा दिसते. बरं केलं. चाल म्हणता? ...कुठं चाल?

घरी. हं.

नाही हो, रागवाचं काय त्यात. व्हा तुम्ही पुढं. इथून घरापर्यंत चढच आहे, आन् चढ लागला का मी उतरतच असते ना — तं समजा, उतरली. वर गेल्यावर फक्त थांबू नका आज.

द्या मावशी, पिशवी द्या इकडं. चढा.