जावेच्या वाफ्यातला जांभळा रेहान

हॅलो?… कोण?… मेदिहाताई?

अगं बाई… नाही, नाही, ठेवू नकोस. थांब, स्वयंपाकघराचं दार लोटते, पाहुणे बसलेत आत… हं, बोल.

हो, मिळाली रेहानची जुडी. जुडी कसली, भाराच होता तो… "कुणी ठेवला कोण जाणे"? माझ्यापुढे नको नाटक करूस. तुतीच्या सालीची अशी गाठ साऱ्या अरापगिरात तुझ्याशिवाय कोण मारतं? आणि वर ओलं फडकं…

पहाटे मी वाफ्यात डोक्याला हात लावून बसले होते, ते आपल्या मधल्या भिंतीवरून पाहिलंस ना?… वाटलंच.

अगं, ऐक ना. ती हिरवी जाळी दिसली असेल तुला… हो, मीच बांधली. ऊन एवढं तापलं, मला आली दया. म्हटलं, लेकीच्या सोयरिकीच्या सरबताचा रेहान, तुळशीसारखा नाजूक पाला त्याचा, करपायला नको. आणि सावलीत सगळा पाला हिरवा पडला… हस, हस… माहितीय गं, उन्हात भाजल्याशिवाय रेहानला जांभळा रंग चढत नाही. सासूबाई आयुष्यभर ओरडत होत्या. पण माझं आपलं नको तिथे कौतुक.

पहाटे करून पाहिलं सरबत. पाल्यावर उकळतं पाणी ओतलं, लिंबू पिळलं, तरी पिवळं ते पिवळंच. तोंडचं पाणी पळालं माझ्या. विहीणबाई मालत्याहून निघालेल्या. सरबत प्यायल्याशिवाय सोयरीक पक्की कशी व्हायची? आणि त्या तर बहिणींना सांगून आलेल्या, अरापगिराचं लाल सरबत पाजते चला म्हणून…

बाजार? रविवारी पहाटे कुठला बाजार? शेजारणींकडे मागायचं, तर दुपारपर्यंत गावभर झालं असतं…

नाही गं, रडत नाहीये… बरं, रडतेय. तुझं काय जातंय?

रंग? काय सांगू तुला. आधी शाईसारखं काळंनिळं पाणी, मग लिंबू पिळलं आणि लालभडक. दोन लवंगा टाकल्या, तू टाकतेस तशा… विहीणबाई दोन पेले प्यायल्या. मग विचारलं, तुमच्याच वाफ्यातला का?… खरं तेच सांगितलं. सगळ्यांसमोर म्हटलं, माझ्या जावेचा आहे. हिवाळ्यासाठी वाळवायचा म्हणून राखलेला, तो सगळा कापून दिला तिने.

हे? हे मान खाली घालून हसत होते. दोघे भाऊ रोज चहाला मांडीला मांडी लावून बसतात. आपणच पाण्याच्या पाळीवरून तोंडं फिरवून बसलो…

नाही, तू नको काही बोलूस. मला बोलू दे. ताई, उपकार मानते तुझे… मानू दे गं! अब्रू राखलीस आज माझी. सख्ख्या बहिणीला सुचलं नसतं. तुझ्या हातांना अल्लाह सुख देवो… हो, हो, झालं बोलून.

ठेवतेस? अगं थांब, खरं सांगायचं ते तर पुढेच आहे.

कार्यक्रम अडलाय… तसं नाही, घाबरू नकोस. अंगठ्या घातल्यात दोघांना, दोन्ही अंगठ्यांना बांधलेली लाल फीत कापायची राहिलीय. मुलाच्या आजोबांच्या हातात कात्री दिली, तर आपली निलाय हात मागे ओढून बसली. सगळ्यांसमोर म्हणाली, "जिचं सरबत प्यायलो, ती काकूच कापेल."

मी कशाला शिकवू? तुझ्यासारखीच आहे हट्टी… कापली नाही ना अजून. केव्हाची दोघं एकमेकांना बांधलेली बसलीत. तो बिचारा डाव्या हाताने बकलावा खातोय…

आजोबा? त्यांना काय, ते हसतायत.

मी फोन करणारच होते गं. हातात घेत होते, खाली ठेवत होते. धीरच होईना. आणि तुझाच आला…

कपडे? असू देत बागेतले… बोटं काळी झालीत? रेहान कापूनच झाली ना? तशीच ये. घासत बसू नकोस… भाऊजींनाही आण…

ताई?… हॅलो?… रडतेस का?… अगं, बोल की काहीतरी.

हॅलो?

ठेवला.

…निलाय, ए निलाय! आजोबांकडून कात्री घे गं. काकू भिंतीवर चढलीय.