चुकांच्या वहीतली शेवटची नोंद

नमस्कार मंडळी. करामाहून, अल नहदाहून, सुट्टीची सकाळ मोडून तुम्ही सगळे इथे ऊद मेथाच्या हॉलमध्ये आलात. मुलांनाही आणलंत, बरं केलंत. मला चारचौघांत बोलता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. परवा युनिव्हर्सिटीत लिआंग मॅडमची शोकसभा झाली, तिथे मी मागच्या खुर्चीवर गप्प बसून राहिलो. सगळं इंग्रजीत होतं ना, असं मी घरी सांगितलं. ते खरं कारण नव्हतं. खरं आज सांगतो.

मॅडम चीनमधल्या एका लहान गावात, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या घरी जन्मल्या. शिकायला अमेरिकेला गेल्या आणि तिथल्याच झाल्या. फिजिक्सचा मोठा पुरस्कार त्यांना मिळाला, हे आपल्या मुलांना पाठ आहे. पण त्याआधीची गोष्ट त्यांनी याच हॉलमध्ये, मुलांच्या शनिवारच्या वर्गात सांगितली होती. तरुणपणी त्यांनी एक मोजमाप छापलं. नाव झालं. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की आपलं चुकलंय. दुसऱ्या कुणी पकडलं नव्हतं. त्यांनी स्वतःच तसं छापून कळवलं आणि पहिल्यापासून मोजायला बसल्या, कित्येक वर्षं. पुरस्कार मिळाला तो त्या दुसऱ्या मोजमापाला. तेव्हा सईने विचारलं होतं, "मॅम, वॉझन्ट दॅट एम्बॅरसिंग?" मॅडम म्हणाल्या, "व्हेरी." आठवतंय ना, सई?

निवृत्त झाल्यावर एक शेवटचा प्रयोग उभा करायला त्या इथे दुबईला, युनिव्हर्सिटीत आल्या. मी तेव्हा बांधकामाच्या साइटवर पाइप फिटर होतो. त्यांच्या लॅबमध्ये मला काम मिळालं. तिथे दाराजवळ एक जाड वही असायची. घरी जाताना प्रत्येकाने त्या दिवशीची आपली चूक त्यात लिहायची, खाली नाव टाकायचं. पहिली मॅडमची. "आज आकडा उलटा वाचला." "आज एका विद्यार्थ्यावर उगाच चिडले."

मंडळी, साइटवरच्या माणसाला हे कसं जमावं? तिथे चूक कबूल केली की खलास, परतीचं तिकीट हातात. मी लिहायचो, पण बेताच्या चुका. झाडू जागेवर ठेवला नाही, असल्या.

आमचं मशीन म्हणजे स्टीलची मोठी टाकी. आतली सगळी हवा काढून घ्यायची, जराही गळती झाली तर मोजमाप होत नाही. प्रत्येक जोडात तांब्याची रिंग असते. आवळली की तिच्यावर खाच पडते, म्हणून जोड उघडला की जुनी रिंग टाकून द्यायची, नवी लावायची. मॅडमनी मला हे दोनदा सांगितलं होतं. गणपतीला गावी निघायच्या दिवशी एक जोड बंद करायचा राहिला होता आणि नव्या रिंगांचा डबा रिकामा. स्टोअरमधून उद्या मिळणार. आता गावाकडे नळाचा वॉशर खराब झाला तर आपण काय करतो? उलटा करून परत बसवतो. मी तेच केलं. रिंग उलटी केली, नट आवळले आणि एअरपोर्ट गाठला.

परत आलो तेव्हा मॅडम गळती शोधत होत्या. गुडघे दुखायचे, म्हणून स्टुलावर बसून, एकेक जोड तपासत. मी त्यांचं स्टूल सरकवत होतो. कुठे गळतंय ते मला माहीत होतं, आणि मी स्टूल सरकवत होतो. रोज संध्याकाळी त्या विचारायच्या, "दिलीप, एनिथिंग फॉर द बुक?" मी म्हणायचो, "नो मॅडम." बायको, मुलं, सगळ्यांचा व्हिसा माझ्या नोकरीवर. उद्या सांगू इन्शाल्ला, असं रोज ठरवायचो.

मग त्यांची तब्येत बिघडली. लेकीकडे अमेरिकेला गेल्या. मोजमाप राहिलं ते राहिलंच. मागच्या आठवड्यात त्या गेल्याचा निरोप आला.

मॅडम अमेरिकेला गेल्यापासून त्या वहीला कुणी हात लावला नव्हता. काल मी ती उघडली. म्हटलं, आता तरी लिहावं. तर शेवटच्या पानावर मॅडमचं अक्षर. "चौथ्या जोडात गळती. रिंग दुसऱ्यांदा वापरलेली. चूक माझी. नवी लावायची असते, हे मी दिलीपला सांगितलं नव्हतं."

सांगितलं होतं हो. दोनदा सांगितलं होतं.

आपली चूक जगासमोर छापणाऱ्या बाईने माझी नोकरी राहावी म्हणून आपल्याच वहीत खोटं लिहिलं. तारीख त्यांच्या लॅबमधल्या शेवटच्या दिवसाची आहे. त्या संध्याकाळीही त्यांनी मला विचारलं होतं. म्हणजे सगळं कळल्यावर विचारलं होतं. मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि वही पुढे ओढली. मी बॅग उचलून बस पकडायला गेलो.

त्या ओळीखाली आता मी लिहिलंय, "मॅडमनी सांगितलं होतं. रिंग मी लावली. दिलीप." सोमवारी ती वही लॅबच्या साहेबांच्या टेबलावर ठेवणार आहे. बायकोला सांगून झालंय. व्हायचं ते होईल. पण मॅडम ते वाचणार नाहीत. एक शब्द वेळेवर बोललो असतो, तर त्यांचं काम पुरं झालं असतं. याची खंत मला जन्मभर राहील.

आता सगळे उभे राहू या. एक मिनिट गप्प राहू या. मी फार दिवस गप्प राहिलो, म्हणून त्याआधी एकच उत्तर देतो.

येस मॅडम. वहीत लिहायचं आहे.