विंचवाची माई

बिघडलेली नाही हो, बिघडवलेली. दोन्हींत फरक आहे. आपलं आपण बिघडतं ते दूध. घोडं आपलं आपण बिघडत नाही. कुणीतरी त्याच्यामागे रोज, मन लावून लागतं आणि बिघडवतं — आणि मग तेच हात झटकून म्हणतं, जनावरच वाईट निघालं. बसा ना, उभ्या का? ती खुर्ची नको, तिचा एक पाय डुगडुगतो, ह्या पेटीवर बसा, लगाम सरकवा बाजूला. पसारा आहे, पण खोगिरांची खोली अशीच असते, चामडं आणि तेल, तुमच्या साडीला वास लागेल थोडा. मोतद्दार मामा खरारा करतायत घोडीला, अर्धा तास जाईल अजून, मग गाडीत चढवायच्या आधी लेकीला एक फेरी हवीय ना. मामांना घाई करा म्हटलं की ते आणखी सावकाश करतात. ती बघा, खिडकीतनं दिसतेय तुमची लेक. घोडीच्या मानेला टेकून काहीतरी सांगतेय. सांगू दे, ऐकून घेते ती सगळं. तर काय म्हणत होते मी — हां, आली तेव्हा तिचं नाव विंचू होतं. आधीच्या मालकानं ठेवलेलं नव्हे, त्याच्या गड्यांनी. पुढून गेलात तर चावते, मागून गेलात तर लाथ, आणि मधे उभे राहिलात तर भिंतीला दाबते. ओठांच्या कोपऱ्यात जुन्या जखमांच्या गाठी, पाठीवर दोन जागी पांढरे केस — तुम्हाला ठिपके वाटले ना ते? छान दिसतात म्हणालात मघाशी. खोगीर काचून कातडं जातं आणि वर पांढरे केस उगवतात. ते ठिपके नाहीत, कुणाचा तरी आळस आहे तो.

नाही नाही, तुम्ही विचारलंत ते चांगलंच केलंत. लोक विचारत नाहीत. लोकांना फक्त आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो पाहिजे असतो, मधलं काही नको. मधलंच तर सगळं असतं! दोन महिने मी तिच्या पाठीवर काही ठेवलं नाही. गोणपाटसुद्धा नाही. आधी दात — कडेचे दात इतके वाढले होते की चावताना गाल कापत होता, आणि लोक म्हणत होते, लगाम घ्यायला नखरे करते. तुमच्या तोंडात खिळा ठेवला आणि वर दोरी ओढली तर तुम्ही कराल का नखरे? मग खूर. नालबंदानं जुने नाल काढले, टाचा एकीकडे खाली एकीकडे वर, जन्मभर उतारावर उभं राहिल्यासारखी उभी होती बिचारी. मग पोट. एका वेळी ढीगभर दाणा घालून दिवसभर उपाशी बांधायचे तिला. मी गवत सुरू केलं, थोडं थोडं, दिवसभर. मग सोबत. त्या शेवटच्या खणात म्हातारं गाढव आहे ना, एका डोळ्याचं, ते तिच्या शेजारी बांधलं. हसताय, पण पहिल्यांदा झोपली ती त्या दिवशी, आडवी, चारी पाय पसरून. मामा धावत आले, ताई, घोडी गेली! गेली नव्हती, घोरत होती. मग रोज हातात दोरी धरून चालवायची. चढावर उलटं चालवायचं, पावलापावलानं, म्हणजे मागचे पाय आणि पोटाचे स्नायू जागे होतात. जमिनीवर बांबू टाकून त्यांवरून. आधी पाच मिनिटं, मग दहा. चाबूक नाही, इंजेक्शन नाही, आरडाओरडा नाही. कॉलेजात असताना मी वहीत लिहून ठेवलं होतं — जनावर वाईट नसतं, ते फक्त सांगत असतं. पोरकट वाटतं, माहीत आहे. पण अजून तसंच वाटतं मला. सांगत असतं ते, आपण ऐकायचं.

काका? काका घरीच, आतल्या खोलीत असतात. हो, हा तबेला त्यांचाच, चाळीस वर्षं त्यांनी चालवला, काठी घेऊन. माझे सख्खे काका, लहानपणी पहिल्यांदा घोड्यावर बसवलं ते त्यांनीच, पण पटत नाही आमचं. मी पुस्तकं घेऊन आले तेव्हा म्हणाले, पोरी, हे पुस्तक घोड्यानं वाचलंय का? सगळे हसले. मीही हसले, पण लागलं ते. मी म्हटलं, दाखवतेच. आणि दाखवलं ना! विंचवाची माई केली. मामांनीच ठेवलं ते नाव — ताई, ही आता विंचू कसली, ही तर माई. चार महिन्यांत! तुम्ही होतातच की प्रात्यक्षिकाच्या दिवशी, तुम्हीच ना त्या, निळी छत्री घेतलेल्या? कुंपणापाशी? बघा, लक्षात आहे माझ्या. तुमच्या शेजारची बाई रडत होती, मी खोगीर घेऊन गेले आणि माई हललीसुद्धा नाही तेव्हा. तीस-पस्तीस माणसं होती आणि एक शब्द नाही कुणाचा. ती शांतता — काय सांगू तुम्हाला. तुम्ही त्याच दिवशी ठरवलंत, नाही का, की लेकीसाठी हीच.

कशी म्हणजे? म्हणजे — पद्धत आहे त्याची. साधी आहे. खोगीर घेऊन पुढे जायचं. घोडी कान मागे टाकते, शेपूट झटकते, मान वळवून दात दाखवते. तिथंच थांबायचं. मारायचं नाही, रागवायचं नाही, मागेही हटायचं नाही. उभं राहायचं नुसतं. दहा मिनिटं, वीस मिनिटं, एकदा तर दीड तास उभी होते मी, हात भरून आले. मग तिला कंटाळा येतो म्हणा, कळतं म्हणा, कान सैल पडतात — लगेच आपण मागे व्हायचं. की तिला समजतं, मी गप्प राहिले की ही वस्तू जाते. मग रोज थोडं जवळ. तंग आवळतानाही तसंच. तो पोटाखालचा पट्टा हो. दात दाखवले, थांबायचं. गप्प झाली, सोडायचं. तीन आठवड्यांत — मी गप्प राहिले की ही वस्तू जाते. हं. मोठ्यानं म्हटलं की वेगळंच वाटतं. आणि जात नव्हतीच ना ती वस्तू. शेवटी पाठीवरच आली.

नाही, काही नाही. काय म्हणालात? दाखला? डॉक्टरांचा, घोडी धडधाकट असल्याचा — हो, असतो ना. द्यायचाच असतो. आहे इथेच कुठेतरी, ड्रॉवरमध्ये, कागद फार झालेत. तुम्ही म्हणालात ना लेक फार शहाणी आहे, कधी तक्रार करत नाही? मागच्या घोड्यावरून पडली तेव्हाही रडली नाही, दोन दिवसांनी कळलं तुम्हाला, मनगटाला चीर गेली होती म्हणून. ते तुम्ही कौतुकानं सांगितलंत. मला त्या दिवशी घरी गेल्यावर जेवण गेलं नाही. तुमच्याबद्दल काही नाही म्हणत मी, गैरसमज नको — तसं नाही. माझंच काहीतरी.

काकांनी सांगितलं होतं. आता तुमच्याशी कशाला लपवू. खोगिराचं काम सुरू करायच्या आदल्या दिवशी काका आले काठी टेकत, माईच्या पाठीवर तळहात सपाट ठेवला, असा, आणि नुसता दाबला. तिची पाठ खाली गेली, पाण्यात ओंडका दबतो तशी. काका म्हणाले, पोरी, आधी पाठ बघ. एक्स-रेचा फोटो काढून घे. एवढंच. टोमणा नाही, काही नाही, पहिल्यांदाच माझ्याशी नीट बोलले होते. आणि मी काय म्हणावं? सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, काका, तुम्हाला घोड्यात सांधे दिसतात, मला मन दिसतं. केवढं शहाणपण! मामांनी मान खाली घातली. काका काठी टेकत निघून गेले, तेव्हापासून तबेल्यात पाऊल नाही टाकलं त्यांनी. मी काढणारच होते फोटो. यादीत होतं — दात, खूर, पोट, पाठ. पण प्रात्यक्षिकाची तारीख ठरली होती, पत्रकं वाटून झाली होती, आणि डॉक्टर फोटो बघून म्हणाल्या असत्या, थांबा, की संपलं. आणि घोडी तर रोज सुधारत होती! रोज कमी चावत होती, रोज कमी लाथा. दुखत असतं तर वाढलं नसतं का? मी मनाशी म्हटलं, बघ, दुखणं नव्हतंच, भीती होती, आणि भीती मी काढली.

उजेडाकडे धरा. खिडकीकडे. हो, हाच तो फोटो, दाखल्यासाठी डॉक्टरांनी काढलेला; दाखला नाहीये, हाच आहे. ही पाठीच्या कण्यावरची हाडं, कंगव्याच्या दात्यांसारखी, मधे मधे फट दिसतेय ना? आता इथे बघा, खोगीर बसतं तिथं. फट नाही. दोन दाते एकमेकांवर घासतायत, कडा पांढऱ्या झाल्यात घासून घासून. वर माणूस बसला की आणखी घासतात. जुनं दुखणं आहे, माझ्याकडे यायच्या आधीचं, ते मी नाही केलेलं, तेवढं तरी — डॉक्टर फोटो घेऊन आल्या आणि मला विचारलं, खोगीर चढवताना काय करते ही? मी अभिमानानं म्हटलं, काही नाही, माईसारखी उभी राहते! त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, ह्या पाठीत दुखतंच. तेव्हा दुखतं का हा प्रश्नच नाही. हिनं सांगायचं का सोडलं, हा प्रश्न आहे. मग म्हणाल्या, जो घोडा कान मागे टाकतो, दात दाखवतो, तो बरा, तुम्हाला उतरायला वेळ देतो. जो काहीच सांगत नाही तो एक दिवस एकदम सांगतो. आणि त्या दिवशी वर कोण बसलंय हे तो बघत नाही.

काकांच्या काठीखाली घोडे लाथा मारायचे. पण मारायचे तरी! मी काठी न उचलता तिचं तोंड बंद केलं. आणि टाळ्या घेतल्या.

बरी होईल? होईल थोडी. वर्षभर पाठीवर काही नको, पोटाचे व्यायाम, दुखऱ्या जागी डॉक्टरांचं इंजेक्शन, मग पुन्हा फोटो. कदाचित कधीच कुणी बसू नये अशी राहील. कदाचित पुन्हा चावायला लागेल — लागली तर मी पेढे — नाही, हसण्यावारी नेत नाही मी. खरंच वाट बघतेय. रोज सकाळी तिच्या पाठीवरून हात फिरवते आणि म्हणते, चाव ना गं. हलत नाही.

कधी आला फोटो? आत्ताच. म्हणजे — झाले नऊ दिवस.

हो. हो, तुमची लेक रविवारी बसली होती. तीन फेऱ्या मारल्या. मोजलेत तुम्ही दिवस, मोजा, मीही मोजलेत. फोटो ह्या ड्रॉवरमध्ये होता आणि मी बाहेर दोरी धरून उभी होते. मनात म्हणत होते, फक्त चालवायचीय, दुडकी नाही, मुलगी हलकी आहे, आपण शेजारी आहोत — आणि तुम्ही कुंपणापाशी फोटो काढत होतात, आणि ती इतकी खूश होती, आणि मला वाटलं, पुढच्या वेळी सांगू. आजही नसतं सांगितलं. खरं सांगते, बाहेर गाडी येऊन उभी आहे घोडी न्यायला, मी दाखल्याचं काहीतरी कारण काढून तुम्हाला वाटेला लावलं असतं, आठ दिवसांनी फोन करून म्हटलं असतं, जरा जपून हं, पाठ नाजूक आहे तिची. तुम्ही विचारलंत, कशी शांत केली. सगळे विचारतात, छान केलीत हो. कशी केली, ते कुणी विचारत नाही.

ओरडा ना माझ्यावर. अहो, असं गप्प नका राहू. काहीतरी बोला.

बरं, नका बोलू. आधी पोरीला घेऊन जा. गाडीवाल्याला मी सांगते, रिकामी ने म्हणून. लेकीला काय सांगायचं ते — नाही, ते मी सांगेन, मीच सांगायला हवं, पण आज नाही, आज तुम्ही फक्त तिला घरी न्या. उठा. छत्री राहिली तुमची. मामा! अहो मामा, थांबा! खोगीर नका आणू आज, ऐकू येतंय का? मुलीला बाजूला घ्या, खोगीर नका चढवू माईवर!

"केव्हाच चढवलं, ताई. तंगसुद्धा आवळला. काहीच बोलली नाही ती."